बाबा पोलिसात होते, त्यांच्यावर सिनेमा कसा करू?

वाचकाचं पत्र:

ताई, माझे वडील स्थानिक गुन्हे शाखेतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. मी चित्रपटाचं शिक्षण घेते आहे. शेवटच्या वर्षाला वीस मिनिटांचा लघुपट करायचा आहे आणि मला तो गुन्हे शाखेच्या एका पथकावर करायचाय, कारण ती माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. तयारी म्हणून दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा ‘मेमरीज ऑफ मर्डर’ पाहिला, बाबांना शेजारी बसवून. पोलीस ठाण्याच्या तळघरात संशयिताला मारहाण होते त्या प्रसंगाला बाबा एवढंच म्हणाले, “असंच असतं गं,” आणि उठून आत गेले. त्यानंतर आम्ही त्यावर बोललेलो नाही. आमचे एक सर म्हणतात की हा सिनेमा पोलिसांना गोंजारतो, मारणाऱ्यांबद्दल माया निर्माण करतो आणि ते चूक आहे. मला तर ती माणसं आवडली आणि आवडली याचीच लाज वाटते आहे. बाबांना मी जसे ओळखते तसे, म्हणजे प्रेमळ, दमलेले, थट्टेखोर दाखवले, तर ज्यांना कधी कोठडीत मार बसला असेल त्यांच्याशी मी खोटं वागते का? आणि बाबांना विचारू तरी कसं? (नाव छापू नये.)

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

तू दोन प्रश्न एकाच गाठोड्यात बांधून पाठवलेस. एक सिनेमाचा, एक बाबांचा. मी आधी सिनेमाचा घेते, कारण बाबांशी बोलायला बसशील तेव्हा त्यातलंच बरंचसं तुझ्या कामी येणार आहे.

तुझ्या सरांना वाटणारी भीती खरी आहे, एवढं आधी कबूल करते. पोलिसाने हात उगारला की टाळ्या पडाव्यात, अशा बेताने लिहिलेले सिनेमे आपण ढिगाने पाहिले आहेत. त्यात पोलिसाची म्हातारी आई आणि आजारी मूल दाखवतात ते पुढच्या मारहाणीला परवाना मिळावा म्हणून. त्या पिकात वाढलेल्या माणसाला पडद्यावरचा कुठलाही प्रेमळ पोलीस संशयास्पद वाटणार. पण बाँगचा सिनेमा त्या जातीचा नाही, आणि तुला ती माणसं आवडली यात लाजण्यासारखंही काही नाही. ती आवडावीत अशीच त्याची मांडणी आहे. आवडल्यानंतर तो आपल्याला काय काय पाहायला लावतो, हे मात्र नीट पाहायला हवं.

ज्या घटनांवर सिनेमा उभा आहे त्या थोडक्यात सांगते. राजधानी सोलच्या दक्षिणेला ग्याँगी प्रांतात ह्वासाँग नावाचा भाग आहे. आज तिथे कारखाने आणि वसाहती आहेत, तेव्हा भातशेती होती. 1986 ते 1991 या काळात तिथे दहा स्त्रियांचे खून झाले. तपासात पोलिसांचे 20 लाखांवर मनुष्यदिवस खर्ची पडले आणि तरीही मारेकरी सापडला नाही. किम ग्वांग-रिम यांनी 1996 मध्ये या प्रकरणावर नाटक केलं. त्या नाटकाचा आधार घेऊन, शिवाय त्या काळच्या तपास अधिकाऱ्यांना आणि वार्ताहरांना भेटून, बाँगने 2003 मध्ये हा सिनेमा केला. तो त्याचा दुसराच सिनेमा. विद्यापीठात तो समाजशास्त्र शिकलेला, आणि ते या सिनेमात पदोपदी जाणवतं. एका माणसाची चूक दाखवताना ती चूक कुठल्या खोलीत, किती वाजता, कोणाच्या हुकमावरून आणि कशाच्या टंचाईत झाली, हे तो कधी सोडत नाही.

शेतातला तो लांबलचक प्रसंग आठव. बाईचं प्रेत सापडलंय, बघ्यांची जत्रा जमलीय, पोरं धावताहेत, बांधावरून उतरताना एक एक अधिकारी घसरून पडतोय. पार्क दू-मान, म्हणजे साँग कांग-होने केलेला गावचा तपास अधिकारी, घसा फोडून सगळ्यांना मागे हटवायला पाहतोय. मातीत बुटाचा एक ठसा मिळालाय. पार्क त्याच्याभोवती खूण करतो, आणि तेवढ्यात एक ट्रॅक्टर येतो आणि ठशावरून निघून जातो. कॅमेरा कुठेही न तोडता त्याच्या मागेमागे फिरत राहतो. पार्क आळशी नाही, हे आपल्याला दिसतं. तो एकटा पडलाय, जागा सुरक्षित ठेवायची शिस्त कोणालाच शिकवलेली नाही, न्यायवैद्यक पथकाचा पत्ता नाही. मला तरी तो प्रसंग कामाच्या चित्रणाचा उत्तम धडा वाटतो. त्यात पार्कचं दुःख कोणी बोलून दाखवत नाही, पुरावा त्याच्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो आणि तो ओरडत राहतो, बस.

पुढे असंच चालू राहतं. घटनास्थळी मारेकऱ्याचा एकही केस सापडत नाही म्हणून पार्क अंगावर केस नसलेला माणूस शोधत सार्वजनिक स्नानगृहात तासन्‌तास बसतो. मांत्रिक बाईकडे जातो. तिने सांगितलेला तोडगा रात्री जाऊन घटनास्थळी करतो. अडाणीपणा म्हणून हसण्यावारी नेता येईल असं हे सगळं आहे, पण बाँग त्याच्यावर हसत नाही. साधन हातात नसलेला, मागे वरिष्ठांचा तगादा असलेला माणूस काय काय करून पाहतो, तेवढं तो दाखवतो. सोलहून आपणहून आलेला तपास अधिकारी सो ते-युन कागदपत्रांवर विश्वास ठेवणारा. एका बेपत्ता बाईचं प्रेत तोच कागद वाचून शोधून काढतो. आपल्याला वाटतं, आता शहाणा माणूस आला, आता सुटेल. तसं होत नाही.

आता तळघराकडे येऊ, कारण तुझं पत्र तिथेच अडलंय.

बेक ग्वांग-हो हा मतिमंद मुलगा. चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा. बापाचं खाणावळीसारखं छोटं दुकान. खून झालेल्या एका मुलीच्या मागे तो आधी फिरायचा, एवढ्यावरून त्याला उचलतात. चो योंग-गू नावाचा पार्कचा जोडीदार त्याला लाथांनी तुडवतो. लाथ घालण्याआधी तो बुटावर कापडी खोळ चढवतो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. ती खोळ शिवून ठेवलेली आहे, म्हणजे ही रागाच्या भरात झालेली गोष्ट नव्हे, नेहमीची व्यवस्था आहे. वळ उठू नयेत याची काळजी घेतलेली आहे. आणि त्याच तळघरात थोड्या वेळाने तेच तिघं काळ्या सोयाबीन रश्शातल्या शेवया खात बसतात, टीव्हीवर पोलिसांचीच एक लोकप्रिय मालिका लागलेली असते, आणि तिघंही तिची धून गुणगुणतात. मारणारे आणि मार खाल्लेला एकाच भांड्यांच्या घोळक्यात बसून जेवताहेत.

तुझ्या सरांचा आक्षेप बहुधा याच प्रसंगावर असणार. मला तो प्रसंग उलट दिशेने जाताना दिसतो. त्या जेवणाने मारहाण सौम्य होत नाही, ती जास्त भयंकर होते. पडद्यावर राक्षसाने मारलं तर आपण राक्षसाला नावं ठेवून सुटतो. इथे ज्याच्याबरोबर आपण आत्ता हसलो, त्याने मारलंय. पार्क पोराला शेवया वाढतोय आणि त्याच्याच बुटाचा ठसा शेतात उमटवून खोटा पुरावाही तयार करतोय. बदल्यात त्याला नवे बूट देतो, तेही नकली छापाचे. पार्कला यात विसंगती वाटतच नाही. तो मुलाशी मनापासून गोड वागतो आणि मनापासून त्याला फासावर चढवायला निघालाय. ही दोन्ही एकाच माणसाच्या पोटात कशी मावतात हे पाहायचं असेल तर तो माणूस आधी जवळचा वाटायलाच हवा. दुरून ते दिसत नाही.

आणि मग बाँग हिशेब मांडतो. ग्वांग-होने तळघरात जे बरळलं होतं ते कबुलीजबाब म्हणून ठोकून बसवलं गेलं. बऱ्याच उशिरा पोलिसांच्या ध्यानात येतं की तो पोरगा स्वतः केलेलं सांगत नव्हता, डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता. म्हणजे अख्ख्या तपासातला एकमेव प्रत्यक्षदर्शी साक्षीदार त्यांच्या हाताशी होता, आणि त्यांनी त्यालाच तुडवलं होतं. आता त्याच्याकडे जावं तर तो पोलिसांना पाहून पळतो आणि रेल्वेखाली सापडतो. त्याच संध्याकाळी त्या पोराने फिरवलेल्या फळकुटाचा गंजका खिळा चोच्या पायात घुसलेला असतो. पुढे धनुर्वात होऊन तो पाय कापावा लागतो. ज्या पायावर खोळ चढायची तोच पाय. दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकाने हे पाहा, शिक्षा झाली म्हणून वाजवून सांगितलं असतं. बाँग रुग्णालयात पार्कचा चेहरा दाखवतो आणि पुढे जातो. चोबद्दल वाईट वाटतंच. पण ग्वांग-हो परत येत नाही, हे वाईट वाटण्याने बदलत नाही.

म्हणून सरांना माझं म्हणणं असं सांग की माया आणि माफी यांची इथे गल्लत होते आहे. सिनेमाने पोलिसांवर माया केली आहे, यात शंका नाही. माफी मात्र त्याने कुठेच दिलेली नाही, कारण त्यांच्या कृत्याचा परिणाम तो शेवटपर्यंत पडद्यावर ठेवतो.

अजून एका पात्राकडे तुझं लक्ष वेधते, कारण तुझ्या पिढीच्या मुलीने हे लिहावं असं मला फार वाटतं. ठाण्यातली महिला पोलीस, क्वॉन क्वी-ओक. तिच्या वाट्याला चहा-कॉफी आणणं आणि निरोप पोहोचवणं. पण पावसाच्या रात्री रेडिओवर एक विशिष्ट गाणं लागतं आणि त्याच रात्री खून होतो, हे तिच्या लक्षात येतं. हल्ल्यातून वाचलेली बाई पुरुष अधिकाऱ्याला पाहून दार लावून घेते. तिला बोलतं करते तीही क्वॉनच. लाल कपडे घालून पावसात आमिष म्हणून अंधारात चालतेही तीच. तिच्यावर वेगळं भाषण नाही, तिचा अपमान होतोय असं कोणी म्हणत नाही. ती काम करते आणि बाकीचे तिच्या हातून कप घेतात. तुझ्या बाबांच्या पथकातही अशी कोणी असेल. तिचं नाव काढून बघ, बाबा काय सांगतात ते ऐक.

व्यवस्थेचा भागही विसरू नकोस. तो काळ लष्करी पार्श्वभूमीच्या हुकूमशाही सरकारचा. 1987 च्या जानेवारीत सोलमध्ये पोलिसांच्या चौकशीत एका विद्यार्थ्याचा छळाने मृत्यू झाला. पोलिसांनी आधी तो दडपायला पाहिलं, आणि त्या संतापातून उठलेल्या जूनमधल्या आंदोलनापुढे राजवटीला थेट अध्यक्षीय निवडणूक मान्य करावी लागली. सिनेमात हे इतिहासाच्या धड्यासारखं येत नाही. आज रात्री खून होणार हे कळलेला प्रमुख जादा कुमक मागतो आणि फोनवर उत्तर मिळतं की सगळी फौज सुवॉनला मोर्चा दडपायला गेली आहे. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी भोंगा वाजतो, गावातले दिवे पटापट मालवले जातात, दुकानांची शटरं खाली येतात, आणि त्याच अंधारात एक शाळकरी मुलगी मारली जाते. तपास करणाऱ्यांना माणसं मिळत नाहीत कारण सरकारला स्वतःच्याच लोकांची भीती वाटते आहे. खाणावळीत टीव्हीवर बुचॉनच्या ठाण्यात एका तरुणीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्याची बातमी लागते, जेवायला बसलेली मुलं पोलिसांना शिव्या घालतात, आणि चो त्यांच्यावर तुटून पडतो. त्या मुलांचं बोलणं खरं असतं, आणि चोला अपमान झाल्यासारखं वाटतं हेही खरं. बाँगने कोणाचंही तोंड बंद केलेलं नाही.

ती शाळकरी मुलगी म्हणजे सो ते-युनने जिच्या पाठीवर काही दिवसांपूर्वी चिकटपट्टी लावली होती ती. प्रेतावर ती पट्टी त्याला दिसते, आणि कागदांवर श्रद्धा असलेला तो माणूस पार मोडतो. शेवटच्या संशयिताला रेल्वेच्या बोगद्याशी ओढत नेऊन मारतो, पिस्तूल रोखतो. तेव्हा कोरियात डीएनए तपासणीची सोय नव्हती, नमुना अमेरिकेला पाठवलेला. पावसात अहवाल येतो, जुळत नाही. सो गोळी झाडायला निघतो आणि त्याला अडवतो कोण, तर पार्क. डोळ्यांत पाहून गुन्हेगार ओळखतो अशी ज्याची शेखी, तो त्या तरुणाच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतो, त्याला काहीच कळत नाही, आणि तो त्याला विचारतो की वेळेवर जेवतोस का. साँग कांग-होने हे वाक्य स्वतःहून घातलं असं सांगतात. इतक्या वर्षांच्या मारझोडीनंतर, ठसे चिरडले गेल्यानंतर, पार्ककडे विचारायला तेवढंच उरलंय. सिनेमाच्या सुरुवातीला वरिष्ठाने त्याला विचारलं होतं की समोर बसलेल्या दोघांत एक बलात्कारी आहे आणि एक पीडितेचा भाऊ, डोळ्यांवरून सांग कोण कोणता. ते उत्तर सिनेमा आपल्यालाही कधी देत नाही. तेवढ्या एका प्रसंगाने बाँगने पोलिसांच्या ‘आम्हाला बघताच कळतं’ या समजुतीला सुरुंग लावलाय, आणि तोही पार्कचा पाणउतारा न करता.

आता सिनेमानंतर काय घडलं ते सांगते, कारण त्याशिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहील. शेवटच्या खुनाचा खटला भरण्याची 15 वर्षांची कायदेशीर मुदत 2006 मध्ये संपली. 2019 मध्ये जपून ठेवलेल्या वस्तूंवरच्या डीएनएवरून ली चुन-जे याचं नाव निघालं. तो मेहुणीच्या खुनासाठी 1994 पासून तुरुंगात होता. त्याने 14 खुनांची कबुली दिली. मुदत संपल्यामुळे त्याच्यावर या खुनांचा खटला चालू शकला नाही. पण यातली सगळ्यात जड गोष्ट वेगळीच आहे. दहा खुनांपैकी 1988 चा एक खून, तेरा वर्षांच्या मुलीचा, उलगडला असं पोलिसांनी मानलं होतं. त्यासाठी पोलिओने पाय अधू झालेल्या बावीस वर्षांच्या एका तरुणाला त्यांनी पकडलं, झोपू न देता, मारून कबुली घेतली, आणि त्याला जन्मठेप झाली. तो जवळपास वीस वर्षं तुरुंगात राहिला. 2009 मध्ये पॅरोलवर सुटला आणि डिसेंबर 2020 मध्ये सुवॉनच्या न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. पोलिसांनी माफी मागितली.

ग्वांग-हो पडद्यावर आला तेव्हा हा माणूस खऱ्याखुऱ्या कोठडीत होता आणि त्याच्यावर कोणी सिनेमा केलेला नव्हता. म्हणजे पडद्यावर जे दिसलं ते अतिशयोक्त नव्हतंच, उलट वास्तव त्याहून वाईट होतं. हे कळल्यावर मी सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा पार्कवरची माझी माया कमी झाली नाही, पण ती वागवणं जड झालं. मला वाटतं, प्रेक्षकाला हे ओझं देणं हेच दिग्दर्शकाचं काम होतं. बाँगने 2009 मध्ये ‘मदर’ केला, त्यात हीच गोष्ट आणखी शांतपणे येते. तिथला तपास अधिकारी त्या कुटुंबाच्या ओळखीतला आहे, तळघर नाही, आणि तरीही एका समज कमी असलेल्या मुलाची कागदावर सही होऊन जाते. ओळखीचा, बऱ्या स्वभावाचा पोलीसही चुकीच्या माणसाला आत टाकू शकतो. तुझ्या लघुपटासाठी मला तो सिनेमा कदाचित जास्त उपयोगाचा वाटतो. वेळ काढून पाहा.

तेव्हा, तू खोटं वागतेस का? बाबांना प्रेमळ, दमलेलं, थट्टेखोर दाखवलंस तर अजिबात नाही. तेवढंच दाखवून थांबलीस तर मात्र हो. कोठडीतल्या खोलीत किती माणसं असतात ते मोजून पटकथेत लिही. आणि जो जमिनीवर बसलाय त्यालाही नाव दे, घर दे, त्याला काय आवडतं ते दे. ग्वांग-होचा बाप, त्याचे बूट, त्याची ती मुलीमागे फिरायची सवय, हे सगळं बाँगने दिलं म्हणून त्याचं मरण आपल्याला लागलं. तुझ्या वीस मिनिटांतली किमान पाच त्याच्या वाट्याला यायला हवीत. तो शिवी खाणारा एक संशयित एवढाच उरला, तर बाबांवर केलेली सगळी माया त्याच्या खर्चाने केलेली ठरेल.

आपल्याकडची एक बाब पटकथेत नीट घे. आपल्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसं कलम 25 होतं, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम 23 आहे. चालतो तो त्या निवेदनावरून सापडलेला मुद्देमाल, आणि त्यापुरतंच निवेदन. म्हणून आपल्या ठाण्यात दाब असतो तो ‘माल काढून दे’ यासाठी, आणि पंचनाम्यावर सही करणारे पंच ही आपल्या गोष्टीतली फार महत्त्वाची माणसं आहेत. कोरियन सिनेमातलं तळघर जसंच्या तसं उचलून आणू नकोस. बाबांना विचारलंस तर ते तुला पंच कुठून आणायचे इथपासून सांगू शकतील.

इथे तुझा दुसरा प्रश्न येतो.

बाबा म्हणाले, “असंच असतं गं,” आणि आत गेले. याचा अर्थ तू तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लावला असशील, रात्री झोप न येता. माझं ऐकशील तर सध्या काहीच अर्थ लावू नकोस. त्यांनी मारलं असेल, मारताना पाहिलं असेल, थांबवायला गेले असतील, दार ओढून बाहेर उभे राहिले असतील. हे चारही वेगळे आहेत आणि तुला यातलं काहीही माहीत नाही. एक मात्र दिसतं. त्यांनी सिनेमा खोटा आहे असं म्हटलं नाही. मुलीसमोर ते म्हणून मोकळं होणं त्यांना सोपं होतं.

त्यांच्याशी बोलायला बसशील तेव्हा पहिल्याच वाक्यात “तुम्ही मारलंत का?” असं विचारू नकोस. ती उलटतपासणी झाली, आणि उलटतपासणीत काय बोलायचं ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं. कामाचं विचार. रात्रपाळीत काय खायचात? सणाला बंदोबस्त लागला की घरी काय सांगून निघायचात? पहिल्यांदा प्रेत पाहिलं तेव्हा बरोबर कोण होतं? गुन्हा उघडकीला येईना तेव्हा साहेब काय म्हणायचे, आणि साहेबांना वरून कोण बोलायचं? घटनास्थळी जाताना जवळ काय काय असायचं, हातमोजे तरी होते का? माणसं आपल्या कामाबद्दल बोलायला उत्सुक असतात, आणि पोलिसाला तर ते घरात कोणी विचारलेलंच नसतं. हे सगळं ऐकताना टिपणं काढलीस तरी चालेल, पण कॅमेरा किंवा मोबाईल मध्ये ठेवू नकोस. पहिल्या काही बैठका तुझ्या लघुपटासाठी नाहीत असं स्वतःशी ठरव.

मग केव्हातरी, घाई न करता, हे विचार: “बाबा, तुम्हाला नंतर कधी वाटलं का, की अमुक एक माणूस आपण उगाच धरला होता?” या प्रश्नात आरोप नाही, पण पळवाटही नाही. उत्तर द्यायचं की नाही ते त्यांच्या हातात राहतं. ते गप्प राहिले तर गप्प राहू दे, विषय बदलून त्यांना सोडवू नकोस. ते बोलले आणि जे सांगितलं ते ऐकायला तुला कठीण गेलं, तर लगेच “काही हरकत नाही बाबा” असं म्हणू नकोस. ज्याला लागलं त्याच्या वतीने माफ करण्याचा अधिकार तुला नाही, मलाही नाही. ऐकून घे, आणि त्यांच्याजवळ बसून राहा. मुलगी म्हणून तेवढं तू करू शकतेस.

आईशीही बोल. पोलिसाच्या घरात कामाचा ताण कोणाच्या अंगावर उतरतो ते तिला ठाऊक असतं, आणि तिच्याकडून तुला असं काही कळेल जे बाबांनी स्वतःलाही सांगितलेलं नसेल.

एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. बोलण्यात एखाद्या खऱ्या माणसाचं, कोठडीतल्या मृत्यूचं किंवा अजून न्यायालयात असलेल्या प्रकरणाचं नाव आलं, तर ते पटकथेत घालण्याआधी वकिलाला भेट. नाव, गाव बदललं की झालं असं समजू नकोस. छोट्या गावात गोष्ट ओळखायला नाव लागत नाही. आणि त्या माणसाच्या घरी तुझा लघुपट पोहोचला तर काय होईल याचा विचार संकलनाच्या टेबलावर बसण्याआधी कर.

पटकथा पूर्ण झाली की बाबांना वाचायला दे. त्यांची परवानगी हवी म्हणून नाही, तर पहिले जाणकार वाचक म्हणून. ते तांत्रिक चुका काढतील: स्टेशन डायरी अशी लिहीत नाहीत, हवालदार साहेबांशी असं बोलत नाही, बेड्या या हाताला लावतात. त्या सगळ्या दुरुस्त कर. कोठडीचा प्रसंग वाचून ते म्हणाले की हे काढून टाक, तर कारण विचार. “हे असं घडत नाही” म्हणाले तर कसं घडतं ते विचारून तसं लिही. “पोलिसांची बदनामी होते” म्हणाले तर प्रसंग ठेव. आणि “हे माझ्या आयुष्यातलं आहे, मी तुला विश्वासाने सांगितलं होतं” म्हणाले तर तो प्रसंग काढ, आणि त्या जागी तू स्वतः शोधून, इतर निवृत्त पोलिसांशी आणि कोठडीत राहून आलेल्या लोकांशी बोलून, दुसरा लिही. त्यासाठी सादरीकरणाची तारीख पुढे ढकलावी लागली तर सरांना खरं कारण सांगून ढकल.

तुझी,
ताई